म्हशीखाली गेलेलं गाणं

"ऐका हो ऐका! म्हैस हरवली आहे, म्हैस! डाव्या शिंगाले लाल फीत, कपाळावर पांढरा ठिपका! कोनाले दिसली असन तं ताबडतोब..."

ओरडणारा मीच. पण आत्ताचा नव्हे, पंचवीस वर्षांपूर्वीचा, कॅसेटच्या पोटातला मी. आवाज असा की टेपरेकॉर्डर टेबलावर दोन बोटं पुढे सरकला. त्या काळी मी नांदुऱ्यात घसा साफ केला तरी मलकापुरात गाडी थांबायची, असं लोक म्हणत. म्हणजे मी म्हणायचो आणि लोक ऐकून घ्यायचे.

"अजून नाई सापडली का हो ते म्हैस?" स्वयंपाकघरातून माझी बायको, शोभा.

मी कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. सुरुवातीला एका म्हातारीचा आवाज. शब्द नाहीत, नुसतं 'लो लो लो' करत पायरी पायरीनं वर चढणारं गाणं. वर पोचतं, आता वळणार, आता उतरणार, इतक्यात खर्रर्र आणि म्हैस. चार वेळा लावली. चारही वेळा म्हैस. आणि दुपारच्या गाडीनं अमेरिकेतल्या एक बाई हेच गाणं ऐकायला नांदुऱ्याला उतरत होत्या.

लोक काश्मीर-केरळ करून येतात आणि प्रवासवर्णनं लिहितात. मी चार दिवस माझ्याच बुलडाणा जिल्ह्यात फिरलो, तेही नांदुरा, पिंपळगाव राजा आणि संग्रामपूर, बस्स. पण या चार दिवसांत बूड एका जागी पाच मिनिटं टेकलं असेल तर शपथ. खिशात ती कॅसेट होती ना. खिशात निखारा घालून हिंडणाऱ्याला देखावे दिसतात, पण सगळे पळते दिसतात.

नांदुरा

माझा गुन्हा आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणानं बढाया मारता येतील.

माझं दुकान होतं. लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे, कॅसेटी भरून द्यायच्या, आणि रिक्षाला भोंगा बांधून गावभर पुकारा करायचा. एक दिवस शाळेतल्या गुरुजींनी पिंपळगाव राजाच्या सुगंधाबाईंना माझ्याकडे आणलं. बाई लहानपणी मिशनच्या दवाखान्याच्या आवारात वाढलेल्या, आई तिथे झाडलोट करायची. तिथे ॲना सिस्टर नावाच्या अमेरिकन नर्सबाई होत्या. त्यांनी या पोरीला आपल्या देशातलं एक गाणं शिकवलं होतं. गुरुजी म्हणाले, भरून ठेव, म्हातारी गेली की गाणं जाईल. मी भरून ठेवलं. आठ दिवसांनी एक माणूस रडत आला, म्हैस हरवली. कोऱ्या कॅसेटी संपलेल्या. हाताला आली ती लावली. एवढंच. खून करणारेसुद्धा यापेक्षा जास्त विचार करतात.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. उलट गेल्या वर्षी इथल्याच एका दिवाळी अंकात 'माझ्या कपाटातली अमेरिका' असा झोकदार लेख लिहिला. अमेरिकेजवळ नाही ते गाणं माझ्याजवळ आहे, कपाट उघडलं की इंग्रजी वास येतो, वगैरे. भाचीनं तो इंटरनेटवर टाकला. मला वाटलं, तिथे कोण वाचतं? अमेरिकेतल्या हेलनबाईंनी वाचला, संगणकाकडून भाषांतर करून घेऊन.

स्टेशनावर साठीच्या पुढची, काठीसारखी सरळ बाई उतरली. मी पाठ केलेलं इंग्रजी तोंडात जुळवतोय तोच त्या हात जोडून म्हणाल्या, "नमस्कार. आपणच लेखक का? आपल्या भेटीने मला अतिशय आनंद झाला आहे." पुण्यातल्या कुणा शिक्षिकेकडून वर्षभर संगणकावर मराठी शिकल्या होत्या. अशी मराठी नांदुऱ्याच्या फलाटावर याआधी फक्त भोंग्यातून ऐकू आली असेल. हमालानं डोक्यावरची बॅग खाली ठेवून विचारलं, "भाऊ, ह्या बाई कोन्या गावच्या बे? लय शुद्ध बोलून राह्यल्या."

घरी शोभानं बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा केला होता. हेलनबाईंनी पहिला घास घेतला, डोळ्यांतून पूर्णा नदीला पूर आला, आणि त्या म्हणाल्या, "कृपया अजून." शोभा त्या क्षणी त्यांच्या पक्षात गेली, ती आजतागायत परतलेली नाही.

जेवणानंतर त्यांनी त्यांचं काम सांगितलं. त्यांचं एक मंडळ आहे. आपल्याकडे भजनी मंडळ असतं तसं, पण टाळ नाही, मृदंग नाही, पेटीसुद्धा नाही. नुसते गळे. अमेरिकेतली जुनी गाणी शोधायची, गायची आणि पुढच्याच्या तोंडात घालायची. त्यांतली सगळ्यांत लाडकी गाणी शेकर लोकांची. हा एक जुना पंथ. बाया-पुरुष एकाच गावात भाऊ-बहिणींसारखे राहत, लग्न कुणी करायचं नाही. शेती करायची, खुर्च्या करायच्या, गाणी करायची. गाता गाता नाचत, गोल फिरत.

"लग्न नाही?" शोभा म्हणाली. "मंग पोरं?"

"अनाथ मुलांना ते वाढवत. मोठी झाली की राहा किंवा जा. बहुतेक गेली. आता पंथात बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली आहेत."

"म्हनजे गानं आहे अन् घरात गानारं कोनी नाई," शोभा म्हणाली. मला एक वाक्य बोलायला पाऊण तास लागतो, आणि ही बाई भांडी आवरता आवरता असं बोलून जाते.

ॲना सिस्टर त्या अनाथांपैकीच एक. त्यांची वही अमेरिकेत राहिली होती. हेलनबाईंनी तिच्या एका पानाचा फोटो दाखवला. त्या लोकांत सूर अक्षरांनी लिहीत, आपण सा रे ग म लिहितो तसे. पान मधोमध फाटलेलं. वरचा भाग आहे, खालचा नाही.

"आम्ही तीस वर्षं पहिला भागच दोनदा गातो," हेलनबाई म्हणाल्या. "ज्यांनी मला गाणं शिकवलं त्या माझ्या गुरुबाई ब्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांना हे गाणं एकदा पूर्ण ऐकायचं आहे. मी त्यांना तुमच्या टेपबद्दल सांगून आले आहे."

त्यांनी पानावरच्या ओळी हळूच गाऊन दाखवल्या. लो लो लो. पायरी पायरीनं वर. जिथे पान फाटलं होतं, बरोब्बर तिथेच माझी म्हैस उभी होती.

"तर आपण टेप ऐकू या का?"

"टेप?" मी म्हणालो. "टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला ना कालच! अन् टेप काय, पळून जाते का? आधी माणूस भेटू. सकाळीच पिंपळगाव राजाला निघू."

शोभानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं टेबलावरचा धडधाकट टेपरेकॉर्डर उचलून आत नेऊन ठेवला. ती रात्र मी या कुशीवरून त्या कुशीवर काढली.

पिंपळगाव राजा

भाच्याची जुनी जीप घेतली. ती वळणावर हॉर्न आपोआप वाजवते आणि सरळ रस्त्यावर वाजवत नाही. पौषातली थंडी, कपाशी वेचून झालेली, वावरांत नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. मी रस्ताभर बोलत होतो. गप्प बसलो असतो तर कॅसेट बोलली असती. उजवीकडचा पिंपळ आठशे वर्षांचा आहे असं सांगितलं. हेलनबाईंनी वहीत लिहून घेतलं, तेव्हा चारशे केला.

सुगंधाबाईंचं घर सापडलं. सुगंधाबाई नव्हत्या, आठ वर्षांपूर्वी गेल्या. दारात त्यांची सून विमलबाई होती, हातात पिठाचं पातेलं.

"माह्या सासूचं गानं आयकाले अमेरिकेहून आल्या?" ती म्हणाली. "मायबाई! अन् आमच्या घरात कोनी म्हने, बुढी नुसती बोंबलते."

तिनं आम्हाला बसवलं. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर वाढली. नांदुऱ्यात भरितात कांद्याची पात सढळ, इथे तेल सढळ. या एका मुद्द्यावर दोन गावांत सोयरीक मोडू शकते. हेलनबाईंनी माइक ओसरीवर मांडला. तेवढ्यात शेळी आली आणि माइकवरचा काळा स्पंज खाऊन गेली. पूर्ण. रवंथसुद्धा उभ्या उभ्या. विमलबाईनं तिच्यामागे चप्पल फेकली, मग आत जाऊन नातवाची लोकरीची कानटोपी आणली आणि माइकला घातली, बंदसुद्धा बांधले. पुढचे दोन दिवस तो माइक तान्ह्या बाळासारखा आमच्याबरोबर फिरला. ज्या गावात गेलो तिथल्या बाया आधी त्याच्याकडे पाहून हसत.

"म्हना ना, येत असन तं," मी म्हणालो.

विमलबाईनं पदर सारखा केला आणि म्हटलं. लो लो लो, वर, वर, आणि थांबली.

"पुढे?" हेलनबाईंनी माइक आणखी पुढे सरकवला.

"पुढचं मले नाई येत, बाई. सासू ज्वारीची सोकारी करे, पाखरं राखे. मचानावर उभी राहून हेच वरडे. मी खाली गवत निंदत राहो. एवढं झालं की ते तिकडं तोंड फिरवे. वारं तिकडलं. पुढचं सारं वारंच घेऊन जाये."

हेलनबाईंच्या कपाळावर आठी आली, पण त्या गोड हसल्या. "हरकत नाही. टेपमध्ये ते आहेच."

माझ्या हातातल्या भाकरीचा तुकडा पडला. शेळीनं तोही खाल्ला.

"माह्या नणदेले येत असन," विमलबाई म्हणाली. "कौसाबाई. संग्रामपूरच्या तिकडं दिली हाये. दोघी मायलेकी एकाच मचानावर राहत."

"चला," मी उभाच राहिलो.

"अवो, जेवन तं पुरं करा!"

"चला चला!"

संग्रामपूर

पूर्णा ओलांडली की पाणी खारट होतं आणि माणसं गोड, असं आमच्याकडे म्हणतात. जीपनं वाटेतच एक रात्र काढायला लावली, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा दुसरा दिवस बराच वर आला होता. उत्तरेला सातपुडा निळा पडून झोपल्यासारखा.

कौसाबाई सत्तरीच्या, अंगानं खारकेसारख्या, डोळे मात्र ससाण्याचे. त्यांनी ऐकून घेतलं, हेलनबाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं, कानटोपीतल्या माइकला पाहिलं.

"घरात वरडू?" त्या म्हणाल्या. "शेजारचे म्हनतीन कौसाबाईले लागिर झालं."

"हळू म्हना, मावशी."

"हळू म्हटल्यावर थे काय गानं राह्यते? पाखरू आयकन का हळू?"

तरी हेलनबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, सुरू केलं. वर, वर, वर. आणि थांबल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा स्वतःवरच चिडून त्यांनी खुर्चीच्या हातावर चापट मारली.

"नाई येत. बसल्या जागी नाई येत. मचान पाह्यजे, वर ऊन पाह्यजे, पाखरू पाह्यजे. किती वर्स झाले, आमच्या वावरात ज्वारी कुठी हाये? सारी कपाशी अन् सोयाबीन. कपाशीवर कोनावर वरडू, बोंडअळीवर?"

वही फाटलेली, कॅसेटवर म्हैस, सुनेचं वाऱ्यानं नेलेलं, आणि आता लेकीचं खुर्चीत अडकलेलं. चार ठिकाणी तेच अर्धं. मी आयुष्यभर अर्ध्याचं दुप्पट करून सांगत आलो, पण इथे माझी कला चालेना.

"ज्वारी शोधू," हेलनबाई म्हणाल्या.

मग कौसाबाईंना जीपमध्ये घेऊन संध्याकाळपर्यंत तालुका पालथा घातला. ज्याच्या त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जीप थांबवून विचारायचं, ज्वारी आहे का? लोकांना वाटलं व्यापारी आहोत. एकानं गहू दाखवला, एकानं संत्री, एकानं स्वतःचा जावई. शेवटी डोंगराच्या पायथ्याशी पुंजाजीभाऊ सापडले. घरच्या हुरड्यापुरती अर्धा एकर ज्वारी, कणसं दुधात भरलेली, आणि मधोमध जुनं मचाण. मचाणावर माणूस नव्हता, बॅटरीचा भोंगा होता. भरलेला आवाज दर दोन मिनिटांनी 'हुर्र, हुर्र' करायचा. भोंग्याच्या तोंडावर दोन पोपट बसून कणीस सोलत होते.

पुंजाजीभाऊ साफ नाही म्हणाले. "भोंगा बंद करू? तुमच्या गान्यासाठी माही ज्वारी पाखरायच्या पंगतीले बसवू काय? जा, भाऊ."

कौसाबाई धुऱ्यावरच बसल्या. हेलनबाईंचं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरकडे गेलं. त्याच्या चाकाच्या पत्र्यावर कॅसेटचा टेप बसवलेला होता.

"यात तुमची टेप वाजेल ना?" त्या म्हणाल्या. "मग काळजी कशाची? गाणं तर आपल्याजवळच आहे."

माझ्या जिभेवर थाप तयार होती. ट्रॅक्टरचं हेड खराब असतं, टेप चघळली जाईल, जुनी वस्तू आहे. अगदी ओठांपर्यंत आली होती. पण तीन दिवस त्या बाईनं माझा प्रत्येक शब्द वहीत उतरवला होता, चारशे वर्षांच्या पिंपळासकट. मी खिशातून कॅसेट काढली आणि दिली.

पुंजाजीभाऊंनी ट्रॅक्टरची चावी फिरवली. सुगंधाबाई गाऊ लागल्या. कौसाबाईंनी आईचा आवाज ओळखला, त्यांचा हात तोंडावर गेला. वर, वर, वर, आणि—

"ऐका हो ऐका! म्हैस हरवली आहे, म्हैस!"

सातपुड्यानं ते परत ऐकवलं. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा होतो.

"हे तुम्ही आहात," हेलनबाई म्हणाल्या.

"हो."

"गाण्याच्या वर भरलं."

"हो. पंचवीस वर्षं झाली, माझ्याकडे पूर्ण गाणं नाही. लेखात लिहिलं ते खोटं."

त्यांनी डोळे मिटले. ब्याण्णव वर्षांच्या त्या म्हातारीला आता काय सांगायचं, हे त्यांच्या तोंडावर मला वाचता येत होतं. मग, अगदी शुद्ध मराठीत, त्यांनी विचारलं, "म्हैस सापडली का?"

"सापडली."

"निदान तेवढं बरं झालं."

"थांबा बे, थांबा!" पुंजाजीभाऊ ट्रॅक्टरवरून उडी मारून खाली आले. "डाव्या शिंगाले लाल फीत? कपायावर ठिपका? अरे, थे तं माह्या मामाची म्हैस! नांदुऱ्याकडल्या मामाची! भोंग्यावरून पुकारा झाला म्हनून घावली. मामीनं फीत स्वताच्या हातानं बांधली होती. हे तुमचा आवाज व्हय?"

आता तुम्ही म्हणाल, ही थाप आहे. जन्मभर थापा मारल्याचा हाच तोटा, खरं घडतं तेव्हा साक्षीदार लागतात. मला दोन आहेत, एक अमेरिकेत आणि एक मचाणावर.

पुंजाजीभाऊंनी भोंग्याची वायर काढून हातात गुंडाळली. "सकाळी या. पाखरं दिवस निंघाल्यावर उतरतात."

मचाणावर

सकाळी आम्ही हुरडा खाऊन धुऱ्यावर थांबलो. भोंगा मुका झाल्याची बातमी डोंगरात पोचायला वेळ लागला नाही. पोपट आले, चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या. मध्य प्रदेशातलेही आले असावेत, काहींचा उच्चार वेगळा होता. आभाळ दोन मिनिटं हिरवं झालं आणि पुंजाजीभाऊ छातीवर हात ठेवून खाली बसले.

कौसाबाईंनी लुगड्याचा काचा मारला. मी हात द्यायला गेलो तर "सर बाजूले" म्हणून त्या शिडीवरून चढल्या. उन्हात उभ्या राहिल्या. हातात गोफण घेतली, खडा मात्र घातला नाही.

आणि गायल्या. ते गाणं आम्ही चार दिवसांत चार वेळा ऐकलं होतं, पण खुर्चीतलं. हे वावरातलं होतं. वर, वर, वर, लो लो लो. समोरची पाखरं भर्रकन उठली, वर गेली आणि मचाणाला वळसा घालून पाठीमागच्या ज्वारीत उतरली.

कौसाबाई तिथे थांबल्या नाहीत. टाचेवर गर्रकन फिरल्या, पूर्ण मागे, आणि त्याच श्वासात गाणंही फिरलं. चढलेल्या पायऱ्या उतरायला लागलं, पण वेगळ्या पायऱ्यांनी. मध्ये एकदा घसरल्यासारखं, मग सावरलेलं, आणि शेवटी लांब, सरळ, धुऱ्यापलीकडे जाणारं. पाखरं उठली. या वेळी कुठे उतरली नाहीत. एक मोठं हिरवं कापड डोंगराकडे ओढत न्यावं तशी गेली.

हेलनबाई सरीत उभ्या होत्या. कानटोपीतला माइक एका हातात, दुसऱ्या हातानं अक्षरं लिहीत होत्या. कौसाबाईंनी पुन्हा म्हटलं तेव्हा हेलनबाईंनी वही टाकली आणि त्याही टाचेवर फिरल्या. त्यांच्या तिकडे ते लोक गाता गाता फिरत ना, ते हेच की काय, ते मला माहीत नाही. त्यांचं मंडळ आता त्यावर भांडत असणार. तिसऱ्यांदा दोघी मिळून गायल्या, एक वर, एक खाली. ज्वारीत तेव्हा एकही पाखरू नव्हतं आणि तरी 'आता कोनावर वरडू' असं कौसाबाईंनी विचारलं नाही.

मी काय केलं? मी चार दिवसांत पहिल्यांदा बसलो. धुऱ्यावर, गप्प. पुंजाजीभाऊ म्हणाले, तुमची तब्येत बरी नाही का?

कौसाबाई खाली उतरल्या. हेलनबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. मराठी अजूनही तशीच शुद्ध. "आजी, मी आता हे माझ्या गुरुबाईंना ऐकवीन. तुम्हाला कसं सांगू? आमच्याकडे दुसरा भाग नव्हता. आम्ही तीस वर्षं पहिला भागच दोनदा गात होतो."

कौसाबाईंनी हात सोडवून घेतले, काचा सोडला आणि गोफण गुंडाळून कमरेला खोचली.

"मंग तुमच्याकडली पाखरं जातच नसतीन," त्या म्हणाल्या.